चुणीचा

वडगावात, बंद पडलेल्या मागाच्या खोलीमागं
अडीच हात जागा.
ऊन तिथं साडेदहाला येतं
आणि शेजारच्या टाकीआड तीनला जातं.
तेवढ्यात भागव, असं मी रोपाला सांगितलं होतं.
ते ऐकलं नाही, भिंत चढलं.

हा टोमॅटो रविवारपेठेतला नव्हे.
याला चुण्या असतात,
घाईत निऱ्या घातल्यावर पडतात तशा,
एक मोठी, दोन बारक्या, मग एक उगाचच.
पिकला तरी देठाशी हिरवा.
पिशवीत घातला की घरी पोचायच्या आत फुटतो,
म्हणून कुणी विकत नाही.
कल्लव्वा याला सुक्कु म्हणायची, मी चुणीचा म्हणते.
रोपवाटिकेतल्या पोरानं मोबाईलवर बघून
तिसरंच काही नाव सांगितलं, ते विसरले.

सव्वीस वर्षांच्या शेजारानंतर
ती हुबळीला लेकीकडं निघाली, तेव्हा
राखेत घोळलेलं बी दिलं,
इरकली पदराच्या चिंधीत बांधून.
देताना तिनं मोजलं नाही.
घेताना मी मोजलं. चाळीस.
ते तिनं पाहिलं, आणि काही बोलली नाही.

पहिल्या साली पाणी जास्त झालं.
आठ दिवसांनी नळ येतो, मग हात आवरत नाही.
दुसऱ्या साली घूस.
यंदा उरलेल्या पाचांतलं एक उगवलं.
तांदळाचं धुवण घातलं, चुलीची राख,
आणि रात्री उठून बॅटरीनं अळ्या वेचल्या.

सगळ्यात खालचं, सगळ्यात वाकडं फळ
मी बियाण्याला राखलं.
खूण म्हणून मागावरचा लाल दोरा बांधला,
म्हणजे कुणी तोडणार नाही.
मीटर बघायला आलेल्या इराप्पानं
दोरा पाहिला, चपला काढल्या,
आणि हात जोडून विचारलं, याव देवरु?
मी म्हटलं, अजून ठरलं नाही.
तो गंभीरपणे मान हलवून
आकडा लिहून गेला.

देव मानणारा तो एकटाच निघाला.
शनिवारी रात्रपाळीहून हे आले,
घरात कालवण नव्हतं,
मी चुलतजावेच्या बारशाला येळ्ळूरला.
परतले तर ताटात भाकरीचा तुकडा,
मिठाची चिमट,
आणि दोरा, नीट गुंडाळून ठेवलेला,
कारण धागा फुकट घालवणं
यांच्या हाताला जमत नाही.
'आंबट होता,' हे म्हणाले, 'पण बरा.'

मी भांडले नाही.
ताट उजेडाला धरलं.
काठाला, मिठाच्या खाली, रसात वाळत आलेल्या बिया.
अकरा.
बोटाच्या टोकानं एकेक उचलली, मीठ धुतलं,
वाटीत तीन दिवस आंबत ठेवल्या.
वासानं हे खोली सोडून ओट्यावर झोपले.
ती शिक्षा मी ठरवली नव्हती.

मग वर्तमानपत्रावर पसरल्या.
घरात होतं ते कन्नड, भजी बांधून आलेलं.
वाळल्यावर निघेनात.
चार हवामानावर, दोन कुणाच्या तरी
वाढदिवसाच्या शुभेच्छांवर,
बाकीच्या तेलाच्या डागावर.
खरवडलं तर साल जाते.
आता कागदासकट कापून पेरायच्या, दसरा झाल्यावर.

हुबळीला फोन लावला.
लेकीनं कानाशी धरला असणार,
पलीकडं श्वास, भांडी, कुकरची शिट्टी.
कल्लव्वाला आता नावं आठवत नाहीत.
मी कोण ते सांगितलं, दोनदा, दोन्ही भाषांत.
फळ धरलं म्हटलं.
बराच वेळ काही नाही.
मग म्हणाली, हुळी ऐतेन?

ऐती, मी म्हटलं. आहे, आंबट आहे.
मी चाखलेला नव्हता.